गडचिरोलीची चार पाने

१४ जानेवारी १९८९ च्या ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात ८५ ते ८८ या चार पानांवर एक शोधनिबंध छापून आला. त्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष होते. शंभरातल्या ब्याण्णव जणींना जननसंस्थेचा एखादा तरी आजार निघाला. सरासरी काढली तर एकेका स्त्रीला ३.६ आजार होते. आणि त्याआधी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीचा त्रास हे सारे बाईच्या जन्माला चिकटलेलेच, असे धरून वर्षानुवर्षे सोसले गेले होते. दवाखान्याच्या नोंदवहीत ते कधी आलेच नव्हते, आणि जे नोंदवहीत नाही त्यासाठी सरकारी योजनेतही जागा नसते.

गरीब देशांतल्या स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशीच त्या काळची समजूत होती. कार्यक्रम त्याच दोन शब्दांभोवती आखले जात आणि पैसाही तिकडेच जाई. १९९४ साली कैरोला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्याविषयक परिषदेने ‘प्रजनन आरोग्य’ ही मोठी चौकट स्वीकारली. त्यामागे अनेक देशांतल्या स्त्री-चळवळींची ताकद होती. पण ‘गरोदर नसलेल्या स्त्रीलाही आजार असतात आणि ते मोजता येतात’ हे दाखवायला हाताशी असलेल्या थोड्या पुराव्यांत वसा-अमिर्झाचे आकडे होते. गोंडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलखातल्या दोन खेड्यांची माहिती एवढ्या लांब पोचली ती त्या चार पानांमुळे. वैद्यकीय नियतकालिकाची आंतरराष्ट्रीय पोच आणि परिणाम म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला नागपूरकरांना लांब जावे लागत नाही. हे उदाहरण त्यांच्या विभागातलेच आहे.

शोधनिबंध लिहिणाऱ्यांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग होते. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण नागपुरात झाले. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि नागपूरपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरच्या गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा तेव्हा अगदी नवा होता. रस्ते थोडे, वीज बेभरवशाची, प्रयोगशाळा शून्य. तिथे राहून केलेल्या कामाला जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय साप्ताहिकात स्थान मिळाले, हे त्या कामाच्या शिस्तीचे फळ होते.

‘लॅन्सेट’ची सुरुवात ५ ऑक्टोबर १८२३ रोजी थॉमस वाकली या तरुण शल्यचिकित्सकाने लंडनमध्ये केली. लॅन्सेट म्हणजे गळू फोडायची, रक्त काढायची लहान धारदार सुरी. लंडनच्या रुग्णालयांतली वशिलेबाजी आणि हलगर्जीपणा वाकली नावानिशी छापत असे, म्हणून नाव साजेसे होते. त्याआधी १८१२ मध्ये बोस्टनमध्ये निघालेले, आज ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ म्हणून ओळखले जाणारे नियतकालिक, १८४० पासूनचे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ आणि १८८३ चे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे जर्नल, ही त्याची बरोबरीची मंडळी. या चारांत काही छापून आले की जगभरच्या आरोग्य खात्यांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ते वाचले जाते.

शोधनिबंध छापून येण्याआधी तो परीक्षणातून जातो. संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतो. लेखकाला परीक्षकाचे नाव सहसा कळत नाही. नमुना कसा निवडला, मोजमाप कोणी केले, तुलनेसाठी दुसरा गट होता का, आकडेमोड बरोबर आहे का, निष्कर्ष आकड्यांच्या पुढे धावत तर नाही ना, असे प्रश्न येतात. उत्तरे द्यावी लागतात, कधी पुन्हा विश्लेषण करावे लागते, आणि बहुतेक निबंध परत येतात. गावात एखादी गोष्ट डोळ्यांनी दिसणे आणि ती अनोळखी, साशंक माणसाला पटेल अशी मांडणे यांत फार अंतर असते, आणि ते अंतर लेखकाकडून काटून घेणे हेच परीक्षणाचे काम.

पण परीक्षण पार केलेला मजकूर कुठे छापला जातो यावरही त्याचे नशीब ठरते. सर्पगंधेची कथा या बाबतीत बोलकी आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या भारतीय नियतकालिकात लिहिले, की सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो आणि मनोविकारातही उपयोग होतो. निरीक्षण बरोबर होते, पण भारताबाहेर त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. अठरा वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी वापरून पाहिली, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातले रेझर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि काही वर्षे ते रक्तदाबाचे जगभर वापरले जाणारे औषध होऊन बसले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वनस्पती तीच आणि गुणही तेच होते. वकिलांचा अभ्यास अधिक पद्धतशीर होता हे खरे, पण तो लंडनहून निघणाऱ्या नियतकालिकात होता हेही तितकेच खरे.

त्या काळी पोच टपालावर आणि सूचीवर अवलंबून असे. अंक बोटीने येत, मोठ्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत बांधून ठेवले जात, आणि ज्याला निबंध हवा तो लेखकाला पोस्टकार्ड टाकून त्याची सुटी प्रत मागवत असे. कुठे काय छापले आहे हे कळायला ‘इंडेक्स मेडिकस’ ही जाडजूड सूची असे. अमेरिकेतून ती १८७९ पासून निघत होती. जे नियतकालिक सूचीत नाही त्यातला मजकूर शोधणाऱ्याच्या हाती लागतच नसे. या सूचीचे ऑनलाइन रूप १९७१ मध्ये आले आणि १९९७ मध्ये ‘पबमेड’ नावाने ते सर्वांना मोफत खुले झाले. आज आर्वीचा किंवा अहेरीचा डॉक्टर मोबाइलवर एखाद्या रोगाचे नाव टाकून लाखो निबंधांचे सारांश पाहू शकतो. पूर्ण निबंध मात्र त्याला उघडता येईलच असे नाही.

गडचिरोलीतून पुढचा मोठा निबंध १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. विषय होता लहान मुलांचा न्यूमोनिया, गावात ज्याला ‘डब्बा’ म्हणतात तो. ५८ गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक द्यायला शिकवले गेले. शेजारच्या ४४ गावांत नेहमीच्या सोयी होत्या. पहिल्या गावांत उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी शंभरात एकही पुरते दगावले नाही, प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी निघाले.

न्यूमोनिया ओळखायची खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटात साठ किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल तर धोका, दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळासाठी ही मर्यादा पन्नास. पण पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने हे कसे करायचे? त्यासाठी ‘सर्च’ने मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत मणी संपले तर बाळाला औषध द्यायचे. या श्वासमापकाची माहिती १९९२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये आली. मृत्यू किती घटले हे लंडनला छापले गेले, ते घटवणारे साधन भारतीय नियतकालिकात. दोन्ही जागा योग्यच होत्या. पहिल्या निबंधाचा वाचक जगभरचा धोरणकर्ता होता, दुसऱ्याचा वाचक इथला बालरोगतज्ज्ञ.

न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाल्यावर उरलेल्या मृत्यूंत जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू ठळक दिसू लागले. त्या वेळी अशा बाळाला वाचवायचे तर रुग्णालय, इनक्युबेटर आणि बालरोगतज्ज्ञ हवेत असे पाठ्यपुस्तके सांगत. गडचिरोलीत शंभरातली पंचाण्णव बाळंतपणे घरीच होत होती. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर काढायचे नाहीत ही रीत. म्हणजे रुग्णालय बाळाकडे जाणार नाही आणि बाळ रुग्णालयाकडे येणार नाही. तेव्हा उपचारच घरात न्यायचा, असा विचार झाला. ३९ गावांत पाचवी-दहावी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. खांद्याच्या पिशवीत ताणकाटा, थर्मामीटर, न रडलेल्या बाळाला श्वास देण्याचे साधन, बाळाला ऊब देणारी शिवलेली पिशवी. जंतुसंसर्गाची लक्षणे ठरवून दिलेली, आणि ती दिसली तर आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्सॅझोलचे पातळ औषध.

डॉक्टर नसलेल्या बाईने चार दिवसांच्या बाळाला इंजेक्शन द्यायचे, ही कल्पना अनेकांना धोक्याची वाटली असती, आणि ती भीती अनाठायी नव्हती. म्हणून इथे पुराव्याचा दर्जा निर्णायक होता. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, प्रत्येक तपासणीची नोंद, आणि सोबत ४७ तुलनेची गावे. ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापले गेले. हस्तक्षेपाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ५८ होते ते ५९.६ झाले. तिसऱ्या वर्षी निव्वळ घट ६२ टक्क्यांची. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर. एका बाळाच्या देखभालीचा खर्च ५.३ डॉलर, आणि देखभाल केलेल्या दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळलेला.

हे आकडे नागपूर विभागाच्या एखाद्या अहवालात असते तर तेवढेच खरे असते. पण ते ‘लॅन्सेट’मध्ये असल्याने ढाका, कराची, लखनौ आणि जिनिव्हातल्या माणसांसमोर एकाच आठवड्यात आले, आणि ‘आमच्याकडे हे चालेल का’ हा प्रश्न सुरू झाला. एका ठिकाणचे यश तिथल्या माणसांच्या निष्ठेमुळेही असू शकते. दुसऱ्या कोणी ते करून पाहिल्याशिवाय शास्त्रात त्याचे वजन पक्के होत नाही. २००८ मध्ये बांगलादेशातल्या सिल्हेटहून निकाल आला, नवजात मृत्यूंत ३४ टक्के घट. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या शिवगडचा, ५४ टक्के घट. दोन्हीही ‘लॅन्सेट’मध्येच. मधल्या काळात, २००५ मध्ये, या नियतकालिकाने नवजात बालकांवर खास लेखमाला काढली. जगात वर्षाला सुमारे चाळीस लाख नवजात बालके दगावतात आणि त्यांतली ९९ टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, पण संशोधन बहुतेक श्रीमंत देशांतल्या उरलेल्या एका टक्क्यावर होते, हे त्या लेखमालेने स्पष्ट शब्दांत मांडले. ज्या नियतकालिकांनी तो असमतोल पोसला त्यांच्याच पानांवर तो मोजला गेला, याचे महत्त्व कमी लेखू नये.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळाच्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने घरच्या घरी नवजात बालकाच्या काळजीचा कार्यक्रम देशभर लागू केला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे; घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. या भेटींसाठी तिला २५० रुपये ठरले. इंजेक्शनचा भाग बहुतेक ठिकाणी गळाला, वजन-ताप-लक्षणे पाहून बाळाला पुढे पाठवण्यावर भर राहिला. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये भारताचा नवजात मृत्युदर हजारी २० होता. ही घट कोण्या एका कार्यक्रमाची नाही. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, जिल्हा रुग्णालयांत नवजात कक्ष झाले, रस्ते आले. तरीही आज नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडच्या आशाताई ताणकाटा घेऊन ज्या दिवशी दारात येतात, त्या दिवसांच्या वेळापत्रकात गडचिरोलीच्या त्या प्रयोगाचा अंश आहे.

आता मोजमापाकडे. नियतकालिकाचा परिणाम सांगायला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडा वापरतात. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये उल्लेखसूचीची कल्पना मांडली आणि पुढे त्यांच्या संस्थेने नियतकालिकांची वार्षिक क्रमवारी सुरू केली. हिशेब सोपा आहे. एखाद्या नियतकालिकाने २०२१ आणि २०२२ मध्ये छापलेल्या मजकुराचे २०२३ मध्ये इतर निबंधांत किती उल्लेख झाले ते मोजायचे आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचे. गारफील्ड यांचा हेतू मुख्यतः ग्रंथालयांना कोणती नियतकालिके घ्यावीत हे सांगण्याचा होता. पुढे हाच आकडा प्राध्यापकाची बढती, विभागाचे अनुदान आणि संशोधकाची किंमत ठरवू लागला.

या आकड्याची खिडकी दोन वर्षांची आहे. १९९९ च्या गडचिरोली निबंधाचा खरा परिणाम २००८, २००९, २०११ मध्ये दिसला, म्हणजे ती खिडकी बंद झाल्यानंतर किती तरी वर्षांनी. उलट कोविडच्या साथीत सगळे संशोधक एकाच विषयावर लिहीत होते, तेव्हा ‘लॅन्सेट’चा इम्पॅक्ट फॅक्टर २०२० मधल्या ७९ वरून २०२१ मध्ये २०२ वर गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा शंभराच्या खाली आला. एका वर्षात नियतकालिक अडीचपट उपयोगी झाले आणि लगेच निम्मे उरले, असे कोणी म्हणणार नाही. जो निबंध मंत्रालयाच्या फायलीत, परिचारिकेच्या प्रशिक्षण-पुस्तिकेत किंवा आशाताईच्या पिशवीत पोचतो, त्याचा तो प्रवास या हिशेबात कुठेच धरला जात नाही.

मोठ्या पोचीचा दुसरा पैलूही सांगितला पाहिजे. खऱ्याबरोबर चूकही तितकीच लांब जाते. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ने बारा मुलांवरचा एक निबंध छापला, त्यावरून गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला. ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले, गोवर परत आला. नियतकालिकाने तो निबंध पूर्णपणे मागे घेतला तो फेब्रुवारी २०१० मध्ये, बारा वर्षांनी. तोवर ती भीती जगभर घराघरांत शिरली होती. २०२० च्या मे महिन्यात कोविडवर वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर ९६ हजार रुग्णांच्या नोंदी असल्याचे सांगणारा निबंध आला, जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी थांबवली, आणि मूळ नोंदी तपासू द्यायला माहिती पुरवणारी कंपनी तयार नाही हे दिसताच दोन आठवड्यांत तो मागे घेतला गेला. परीक्षक कागद तपासतो. नोंदवही बनावट असेल तर ते त्याला दिसेलच असे नाही. म्हणून गडचिरोलीतल्यासारखी गावपातळीवर कोणालाही पडताळता येणारी नोंद ही मोठीच जमेची बाजू ठरते.

नागपूर शहराचा स्वतःचा या नियतकालिकांशी संबंध गडचिरोलीच्या आधीपासून आहे. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या दोघांचा मध्य भारतातल्या सिकल सेलच्या गुणधर्माविषयीचा छोटा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. शिकागोत जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले होते. भारतात हा गुणधर्म प्रथम नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींत. नागपूरच्या निबंधाने हा प्रश्न विदर्भातल्या मोठ्या लोकसंख्येचा आहे हे दाखवले. पुढे १९८६ मध्ये ओडिशातल्या रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला; तिथल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकत असल्याने आजार तुलनेने सौम्य दिसत होता. त्यावरून ‘भारतातला सिकल सेल सौम्य’ अशी समजूत पसरली. नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, वेदनेने कळवळणारी, पुन्हापुन्हा रक्त चढवावी लागणारी मुले पाहणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव वेगळा होता. डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तो आकड्यांत मांडला; नवजात बाळांच्या तपासणीवरचा त्यांचा निबंध २०१२ मध्ये ‘हिमोग्लोबिन’ या नियतकालिकात आला. एका राज्याचे चित्र साऱ्या देशाचे म्हणून जगभर जाते तेव्हा त्याला उत्तर तितक्याच लांब पोचणाऱ्या कागदावर द्यावे लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेने तपासणीवर भर दिला आहे, त्यामागे असे अनेक प्रादेशिक अभ्यास उभे आहेत.

डोळ्यांचेही तसेच. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या आठ गावांत २००६ ते २००८ दरम्यान तीस वर्षांवरच्या ४,७११ जणांची तपासणी केली. मध्य भारतातल्या शेतकऱ्या-मजुरांचे काचबिंदू, मोतीबिंदू, चष्म्याचे नंबर यांचे हे आकडे नेत्रविकारांच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून बीजिंगच्या अभ्यासाशेजारी मांडले गेले. एरवी अशा मापनांत मध्य भारत म्हणजे नकाशावरची कोरी जागा असते.

हे सारे बाहेरच्या नियतकालिकांविषयी झाले. इथून निघणाऱ्या नियतकालिकाने जग गाठल्याचे उत्तम उदाहरण मुंबईत आहे. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या अध्यापकांच्या संघटनेने १९५५ मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ सुरू केले. कित्येक दशके त्याचा वाचक मुख्यतः देशी होता. या शतकाच्या आरंभी संपादकांनी सगळा मजकूर इंटरनेटवर मोफत खुला केला, आणि लेखकांकडूनही पैसे घेतले नाहीत. छापील अंकाचे वर्गणीदार घटतील ही भीती होती. घडले वेगळेच. परदेशांतून निबंध येऊ लागले, जुन्या अंकांतले दुर्लक्षित लेखही उल्लेखले जाऊ लागले, आणि याचा अभ्यास २००५ मध्ये शिकागोतल्या परीक्षणविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला. मुक्त वाचनाची बुडापेस्ट घोषणा २००२ ची; परळच्या एका पालिका रुग्णालयातले डॉक्टर त्याच सुमारास ती प्रत्यक्षात आणत होते.

आज मुक्त वाचन सर्वत्र आहे, पण त्याचा खर्च अनेक ठिकाणी लेखकावर टाकला जातो. मोठ्या प्रकाशनांत एका निबंधाची फी काही हजार डॉलर असते. विदर्भातल्या एखाद्या शासकीय महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाला ती परवडणे शक्य नाही, आणि बढतीसाठी पेपर तर लागतातच. या कात्रीत पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिके फोफावली. २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतला विद्यापीठांनी सुचवलेला भाग तपासला, तेव्हा त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट निघाली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढली. अशा ठिकाणी छापलेला निबंध कोणी वाचत नाही, आणि त्यामागे खरे काम असले तर तेही बुडते. त्या निबंधासाठी रक्त देणाऱ्या, प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या रुग्णांचे श्रम वाया जातात, याची खंत सगळ्यांत मोठी आहे.

वाचनाच्या बाजूने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके, आणि ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्था. नागपूरच्या ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’सारख्या शासकीय संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ज्या पानांसाठी पूर्वी ओळखीच्या परदेशस्थ मित्राला निरोप धाडावा लागे, ती आता थेट उघडण्याची सोय व्हावी हा हेतू. खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर, स्वयंसेवी संस्था आणि ज्यांच्याविषयी लिहिले जाते ती माणसे मात्र या योजनेच्या बाहेर आहेत.

त्या माणसांपर्यंत पोचायचे तर भाषाही त्यांची लागते. गडचिरोलीच्या संशोधकांनी ते वेगळे काम म्हणून केले. राणी बंग यांनी स्त्रियांच्या आजारांविषयी गावातल्या बायकांच्या शब्दांत मराठीत ‘कानोसा’ लिहिले. २००१ मध्ये ‘सर्च’ आणि महाराष्ट्रातल्या इतर संस्थांनी मिळून राज्यातल्या बालमृत्यूंची स्वतः मोजदाद केली आणि ‘कोवळी पानगळ’ हा मराठी अहवाल काढला. सरकारी नोंदींत जेवढे बालमृत्यू दिसत होते त्याच्या कित्येक पट प्रत्यक्षात होत आहेत, हे त्यात मांडले होते. मोजमापाची शिस्त तीच, पण हा अहवाल वृत्तपत्रांत गेला आणि विधिमंडळात चर्चेला आला. २००३ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.